लवंगीचा पिंजरा, नानांची खोली

लवंगीनं पिंजऱ्याचा तळातला ट्रे कुरतडून संपवला, तेव्हा मी ऑफिसात बसून पुण्याच्या वितरकांना 'कुत्र्याला पिंजरा कसा आवडू लागतो' हे समजावून सांगत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. घरी आले तर माझा नवरा मकरंद दारातच उभा होता. त्यानं दातांच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा तुकडा माझ्या हातात ठेवला.

"तुझा शोध," तो म्हणाला. "उरलेला तिच्या पोटात आहे."

लवंगी म्हणजे आमची जॅक रसेल टेरियर. दिसायला एवढीशी, पण नाव आम्ही विचार करूनच ठेवलेलं. या जातीची पैदास कोल्ह्याच्या बिळात शिरण्यासाठी झाली. बिळाच्या अंधारात आपल्याहून मोठ्या जनावरापुढे उभं राहायचं आणि वरून माणसं खणत येईपर्यंत मागे हटायचं नाही, हे तिच्या रक्तातलं काम. असला जीव आम्ही नाशिकमध्ये चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवला. तिनं चपला खाल्ल्या, पडदे खाल्ले, खालच्या मजल्यावरच्या काकूंकडच्या मुंजीच्या पंगतीत शिरून तिनं भटजींचं उपरणं पळवलं. आम्ही दोघं कामावर गेलो की ती दार खणायला बसायची. सोसायटीनं आमच्या नाकी नऊ आणले होते, आणि त्यात सोसायटीचं काही चुकत नव्हतं.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत 'घ्राण' नावाच्या कंपनीत गंधरसायनज्ञ आहे. आमचं यंत्र म्हणजे कुत्र्याचा पिंजरा. अर्थात तो शब्द कंपनीत उच्चारायचा नाही. आमच्या संचालिका शाल्मली सरदेसाई यांचा तसा दंडकच होता. "योगिता, पिंजरा जनावरांना असतो," त्या म्हणायच्या. "आपण 'सोबत' विकतो."

यंत्रामागचं विज्ञान सोपं आहे. प्रत्येक माणसाच्या कातडीतून शेकडो प्रकारचे रेणू हवेत उडत असतात. त्यांचं प्रमाण ज्याचं त्याचं वेगळं, साबण बदलला तरी मूळ मिश्रण तेच राहतं. कुत्रं माणसाला आधी या मिश्रणावरून ओळखतं, चेहरा नंतर. आपल्या माणसाचा वास आला की कुत्र्याच्या मेंदूतला सुखाचा भाग जागा होतो, मग ते माणूस समोर नसलं तरी चालतं. आम्ही एवढंच केलं की अंगावरच्या न धुतलेल्या कपड्यातून ते मिश्रण मोजायचं, मूळ रसायनांच्या कुप्यांमधून ते पुन्हा जुळवायचं आणि पिंजऱ्याच्या झरोक्यातून थोडं थोडं सोडत राहायचं. धनी कामावर गेला तरी कुत्र्यापुरता तो घरीच असतो.

दुसरीही एक गोष्ट आहे. डोळ्यांना दिसलेलं किंवा कानांना ऐकू आलेलं मेंदूच्या मधल्या एका चौकीवर थांबतं, तिथे छाननी होते आणि मग पुढे जातं. वासाला ती चौकी लागत नाही. तो नाकातून जवळजवळ थेट भावनेच्या आणि आठवणीच्या कप्प्यात शिरतो. म्हणून वासावर माणूस वाद घालू शकत नाही. हे वाक्य मी भाषणात हमखास टाकायचे आणि लोक ते हमखास लिहून घ्यायचे.

तर मग लवंगीनं ट्रे का खाल्ला? कारण मी पिंजऱ्यात माझा वास भरला होता. सूचना मीच लिहिलेली: 'निवांत असताना घातलेला कपडा द्यावा.' मी कुठली निवांत? कामावरून तणतणत आले होते, तोच कुर्ता दिला. ताणाच्या घामाला त्याचे स्वतःचे रेणू असतात आणि कुत्र्यांना ते अचूक कळतात. माझी सगळी चिडचिड गाळून, मोजून, मी त्या बिचारीवर दिवसभर फवारत होते. शाल्मलीताई खूप हसल्या. मीही हसले, पण मला लाज वाटली. या घरात लवंगी कोणाची आहे हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि ती माझी नव्हती.

ती नानांची होती.

नाना म्हणजे माझे वडील, दशरथ खैरनार. निफाडला वीजमंडळात लाइनमन होते. सगळा जन्म बाहेर गेला. पाऊस आला, फांदी पडली, तार तुटली की नाना ताटावरून उठून जायचे. आई गेली आणि वर्षाच्या आत त्यांचं विस्मरण सुरू झालं. मी एकुलती एक, म्हणून त्यांना इकडे आणलं. पण लेकीच्या घरी राहणं त्यांना कधी पचलं नाही. त्यांच्या पिढीत बाप लेकीच्या घरी जेवला तरी बिचकत जेवायचा. बाकी सगळं विसरले, एवढं विसरले नाहीत. रोज चहा झाला की पिशवी काखेत मारायचे आणि म्हणायचे, "चला बाई, येतो मी. लई दिवस झाले."

तेव्हा लवंगी उपयोगी पडायची. ती उड्या मारत पट्टा तोंडात घेऊन यायची, नाना पिशवी विसरायचे आणि दोघं बाहेर पडायचे. नाना निफाडला निघालेले असायचे, पण पट्टा लवंगीच्या ताब्यात असायचा. तिला तिच्या कोपऱ्यावरच्या घुशी हुंगायच्या असायच्या आणि वेळेवर घरी येऊन जेवायचं असायचं. दोघं दमून परत यायचे. नाना सोफ्यावर, ती त्यांच्या पायांवर. घरात तेवढाच वेळ शांतता; नाना दाराआड झोपले की ती पुन्हा दार खणायला बसायची.

मी नानांचा बनियन घेतला. दुपारची झोप झाल्यावरचा, अगदी निवांत माणसाचा. त्याचं मिश्रण बनवलं आणि पिंजऱ्यात भरलं.

मग पद्धतशीर सवय लावली. पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात, माणसांच्या राबत्यात. सुरुवातीला दार उघडं. जेवण आधी दाराशी, मग आत, मग पार मागच्या भिंतीशी. ती खात असताना दार लावायचं, खाऊन व्हायच्या आत उघडायचं. मग हळूहळू वेळ वाढवायचा. शिक्षा म्हणून कधीही आत घालायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भुंकत असताना दार उघडायचं नाही. गप्प झाली की उघडायचं. गप्प बसल्यानं दार उघडतं हे तिला समजलं पाहिजे.

दुसऱ्या कुठल्याही टेरियरला यासाठी महिने लागतात. लवंगी आठवडाभरात स्वतःहून आत जायला लागली. झरोक्याला नाक लावून पडून राहायची. पडदे वाचले, चपला वाचल्या, खालच्या काकूंनी वाटीभर शिरा पाठवला. कंपनीनं खोक्यावर लवंगीचा फोटो छापला. मी तो खोका दिवाणखान्यात दर्शनी ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

मग एक दिवस चहा झाल्यावर नानांनी पट्टा हातात घेतला आणि हाक मारली, "लवंगे, चल."

ती पिंजऱ्यातून आली. त्यांच्या पायांशी गेली, हुंगली, मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आणि परत पिंजऱ्यात जाऊन झरोक्याला नाक लावून पडली. तिथे नाना जास्त होते. अंगाला येतो त्याच्या कितीतरी पट दाट वास आम्ही सोडत होतो.

नाना पट्टा धरून उभे राहिले. "हिला काय झालं?" त्यांनी मला विचारलं. "मला वळखंना."

"दमली असेल, नाना," मी म्हणाले.

दमली नव्हती. मला कारण माहीत होतं, ते मीच घडवलं होतं. कुपी काढून टाकायला अर्धा मिनिट लागला असता. पण पुढच्याच आठवड्यात जाहिरातीसाठी लवंगीचं चित्रण व्हायचं होतं, म्हणून मी मूग गिळून बसले. नानांनी पट्टा नीट गुंडाळला आणि खुंटीला लावला. त्यानंतर त्यांनी तिला हाक मारली नाही.

आणि ते एकटे जायला लागले.

पहिल्या दोन वेळी वॉचमननं फाटकाशी अडवलं. तिसऱ्या वेळी वॉचमन जेवायला गेला होता. मला फोन आला तो जेलरोडच्या एका पिठाच्या गिरणीवरून. गिरणीवाल्या बाई म्हणाल्या, "तुमचे वडील आहेत का? गळ्यातल्या बिल्ल्यावर हा नंबर होता. लवकर या. ते डीपीपाशी आहेत, ऐकत नाहीत."

मी पोचले तेव्हा नाना रस्त्याकडेच्या विजेच्या डीपीची झाकणं चाचपत होते. दोन बायांनी त्यांना दंडाला धरलं होतं. झाकणाला कुलूप होतं म्हणून. नसतं तर काय झालं असतं, याचा मी अजूनही पुढे विचार करत नाही. त्यांचे तळपाय भाजले होते, चपला कुठे राहिल्या कोण जाणे. शहरातल्या सगळ्या तारा जमिनीखाली गेल्यापासून रस्त्यावर एकही खांब उरला नव्हता, आणि नाना खांब शोधत इतक्या लांब चालत आले होते.

"बाई, खांब कुठं गेले?" त्यांनी मला विचारलं. "सकाळपासून हिंडू राह्यलो. एक पण सापडंना. लोकांना अंधारात ठेवलं का मग?"

मी त्यांना गाडीत बसवलं. गिरणीवाल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. म्हाताऱ्या बापाला असं सोडणारी लेक कशी दिसते ते त्या बघून घेत होत्या.

घरी मकरंद आणि मी बोललो. सांभाळायला माणूस ठेवणं करून झालं होतं. आधीच्या दोघांना नानांनी 'तू मंडळाचा माणूस नाहीस' म्हणून हाकलून दिलं होतं. वृद्धाश्रमाचं नाव मलाच काढवत नव्हतं. तेव्हा मी ते बोलले.

"नानांच्या खोलीत 'सोबत' बसवूया," मी म्हणाले. "आईची."

मकरंद म्हणाला, "ते कुत्रं नाहीत, योगिता."

"वासाचा रस्ता दोघांच्या मेंदूत सारखाच आहे. गोळ्या देऊन गुंगीत ठेवण्यापेक्षा हे बरं नाही का? त्यांना आई भेटेल."

"त्यांना भेटेल की आपल्याला सुट्टी मिळेल?"

मी चिडले. खरं बोलणाऱ्यावर माणूस चिडतो तशी चिडले. माझी नोकरी, माझी धावपळ, डीपीचं झाकण, सगळं त्याच्या अंगावर ओतलं. तो उठून गेला. पुढे त्यानं विरोध केला नाही, आणि नंतर जेव्हा एका रविवारी दुपारी त्याला किती तरी महिन्यांनी सलग झोप लागली, तेव्हा विषयच संपला.

आईचा एक मरून रंगाचा स्वेटर होता. नानांनी तो कधी धुवू दिला नव्हता, उशाखाली ठेवायचे. नाना अंघोळीला गेले असताना मी कात्रीनं काखेतला तुकडा कापून घेतला. बाहेर आल्यावर त्यांनी स्वेटर हातात घेतला, ते भोक पाहिलं, त्यात बोट घालून पाहिलं. "कसर लागली वाटतं," ते म्हणाले. मी हो म्हणाले.

विस्मरणात नाक लवकर मंदावतं. म्हणून मिश्रण आम्ही मुद्दाम दाट केलं. प्रयोगशाळेत कुपी पहिल्यांदा उघडली तेव्हा आई एकदम शेजारी येऊन उभी राहिली. चुलीचा धूर, खोबरेल, आणि तिचं म्हणून जे काही होतं ते. मी घाईनं कुपी बंद केली. इतकं होऊनही मी थांबले नाही, उलट मला वाटलं की माझंच खरं होतं, हे काम करणार.

केलंही.

सवय लावायची पद्धत मला एकच येत होती. खोलीचं दार सुरुवातीला उघडं ठेवलं. ताट आधी दाराशी, मग आत, मग पलंगाजवळ. नाना आत शिरले आणि मध्येच थबकले. नाक वर करून चौफेर पाहिलं. पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. मग पलंगावर बसले आणि जेवले. जेवताना मी दार लावलं, जेवण व्हायच्या आत उघडलं. वेळ वाढवत गेले. कडी बाहेरून बसवली.

दोन-तीनदा त्यांनी दार वाजवलं. आधी हळू, मग जोरात. "योगे, दार उघड. योगे." मी बाहेर कडीवर हात ठेवून उभी होते. वाजवत असताना उघडायचं नव्हतं. ते गप्प झाले, मी मनात आकडे मोजत थोडा वेळ जाऊ दिला आणि मग उघडलं. ज्या बापानं माझ्यासाठी रात्रीबेरात्री धावत दार उघडलं, त्याला मी गप्प बसल्यानं दार उघडतं हे शिकवत होते. पुढे त्यांनी दार वाजवणं सोडून दिलं.

पिशवी भरणं थांबलं. 'येतो बाई' थांबलं. नानांच्या मनगटावरचं घड्याळ मला ऑफिसात त्यांच्या नाडीचे ठोके दाखवायचं, आणि ते शांत असायचे. मी कामावर जाताना कडी लावायचे, दुपारी मकरंद येऊन जेवायला घालायचा, संध्याकाळी मी उघडायचे. नाना पलंगाच्या एका कडेला अंग चोरून बसलेले असायचे, दुसरी बाजू मोकळी सोडून. कधी बाहेरून कान दिला तर आत हळू आवाजात बोलणं चाललेलं असायचं. "आईशी बोलतात," मी ऑफिसात सांगितलं. एक मात्र व्हायचं, ताटातली अर्धी भाकरी ते बाजूला काढून ठेवायचे. उतारवयात भूक कमी होते, असं मी समजून घेतलं.

शाल्मलीताईंनी नाव ठरवून टाकलं, 'ज्येष्ठ सोबत'. "घराघरात लागेल हे, योगिता," त्या म्हणाल्या. "मुलांच्या डोक्यावरचा केवढा भार उतरेल." वृद्धांच्या निवासांची एक मोठी साखळी चालवणारे लोक त्यांनी गाठले. त्या लोकांना प्रत्यक्ष बघायचं होतं. प्रत्यक्ष म्हणजे आमच्या घरी.

ते शनिवारी आले. शाल्मलीताई, एक डॉक्टर आणि दोन व्यवस्थापक. मी पोहे केले होते. आधी लवंगी दाखवली. टेरियर, आणि पाहुणे आल्यावर भुंकत नाही, याचंच त्यांना नवल. मग हॉलमधल्या टीव्हीच्या पडद्यावर मी नानांचे ठोके दाखवले, आलेख दाखवला, आधीचा आणि आताचा. डॉक्टरांनी चांगले प्रश्न विचारले आणि मी चांगली उत्तरं दिली. मग सगळे खोलीच्या दाराशी आले. मी कडी काढली.

नाना त्यांच्या कडेला बसले होते. इतकी माणसं बघून उठून उभे राहिले, सदरा सारखा केला आणि सगळ्यांना नमस्कार केला. मग मला म्हणाले, "बाई, जरा आत ये. दार लोटून घे."

मी आत गेले. दार लोटलं, पण नीट लागलं नाही. आत आईचा वास भिंतींना थापल्यासारखा होता. नानांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या कानाशी लागले.

"बाहेर लोकं आहेत म्हणून हळू बोलतो. तुझी अब्रू जायला नको."

"काय झालं, नाना?"

"मला कोंडलं त्याचं काही नाही. डोकं जाग्यावर राहत नाही माझं, कधी कधी मला पण कळतं. लेकीच्या घरी येऊन राह्यलो, चूक माझीच. पण तुझ्या आईला का कोंडलं?"

मी वळून लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"ती कधी तुझ्या घरी मुक्कामाला राह्यली का?" नाना म्हणाले. "दिवाळीला आली तरी दिवस मावळायच्या आत गाडी धरायची. लेकीच्या घरी रात्र काढायची नाही, एवढा एक नेम होता तिचा. अन् आता इतके दिवस झाले, इथंच हाय. आपल्या मनानं राहील का ती? मला दिसत नाही, डोळे गेले माझे. हाका मारतो तर बोलत नाही. भाकरी ठेवतो, खात नाही. रागावलीय. म्हणून मी बसून राहतो, दार वाजवत नाही. मी गेलो तर ती एकटी राहील ना इथं."

त्यांनी माझा हात धरला. म्हाताऱ्या माणसाचा हात, पण पकड अजून लाइनमनची.

"तुझ्या बाबतीत काही चुकलं असंल तिच्याकडून, तर मी माफी मागतो. पण सोड तिला."

शांत ठोके. माझ्या आलेखातले ते शांत ठोके. माणूस पहाऱ्यावर बसला होता आणि मी त्याला समाधान म्हणून मोजत होते. 'आई वारली, नाना,' असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण ज्या नाकाला मी रोज ती जिवंत असल्याचा पुरावा देत होते, त्याला हे कुठल्या तोंडानं सांगणार?

मी भिंतीवरचं यंत्र बंद केलं. खिडकी उघडली, पंखा लावला. "सोडते, नाना," म्हणाले आणि दार सताड उघडलं.

नाना दाराशी गेले, पण बाहेर पडले नाहीत. एका बाजूला सरून उभे राहिले आणि हातानं वाट दाखवली. "जा तू," ते हवेत म्हणाले. "निफाडची गाडी मिळंल अजून. माझी वाट बघू नको. सांभाळून जा."

बाहेर उभ्या असलेल्या लोकांना काय चाललंय ते समजलं नव्हतं. पण एक म्हातारा कोणाला तरी वाट करून देतोय, एवढं कळण्यासारखं होतं. डॉक्टर भिंतीला टेकले. मग व्यवस्थापक सरकले. शाल्मलीताईंनी हातातली बशी छातीशी धरली आणि त्याही मागे झाल्या. मीही दार धरून अंग चोरलं. आम्ही सगळे असे दोन्ही बाजूंना उभे होतो आणि मधल्या मोकळ्या जागेतून कोणीच जात नव्हतं. हॉलच्या कोपऱ्यात लवंगी झरोक्याला नाक लावून पडली होती. ती पट्टा दाखवला तरी बाहेर का येत नाही, हे मला त्या वेळी कळलं. आत आपलं माणूस अडकलंय, ते दिसत नाही, म्हणून ती मागे हटत नव्हती.

वारा खेळला, वास विरळ होत गेला. नानांनी नाक वर करून खोलीत पाहिलं, पलंगाच्या मोकळ्या बाजूकडे पाहिलं, मग बाहेरच्या दाराकडे. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरला. कित्येक आठवड्यांत मी त्यांना असं सुटलेलं पाहिलं नव्हतं.

"गेली," ते म्हणाले. "बरं झालं. उपकार झाले, बाई."

मी म्हणाले, "नाना, चला, तुम्हीही बाहेर चला."

ते ऐकत नव्हते. ते मागे वळले, पलंगावर जाऊन मधोमध बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"लाव आता कडी," नाना म्हणाले. "मी राहतो. आवाज करणार नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला कडी लावता येईना, आणि नानांच्या समोर जाऊन उभंही राहता येईना.